रात्री अकराला छातीत दुखलं, तर गाडी कुठे वळवायची?

गेल्या श्रावणात एका रात्री शेजारच्या काकांच्या छातीत कळ आली. घाम इतका, की बनियन पिळून काढावं. आम्ही चौघांनी त्यांना गाडीत बसवलं आणि ‘चोवीस तास सेवा’ असा मोठा फलक असलेल्या एका हॉस्पिटलकडे निघालो. बराच वेळ दार वाजवल्यावर वॉचमन आला. डॉक्टर बाहेरगावी गेलेले, ईसीजीचं मशीन कपाटात आणि कपाटाची किल्ली डॉक्टरांकडे. तिथून दुसरीकडे, मग तिसरीकडे. ईसीजीचा कागद हातात पडला तोवर पाऊण तास गेला होता. काका वाचले, पण हृदयाचं झालेलं नुकसान भरून आलं नाही. आता माडीवर जाताना ते मधल्या पायरीवर बसतात.

आमच्या घरापासून ग्रामीण रुग्णालय आठ मिनिटांवर आहे. त्या रात्री तिथे डॉक्टर होते, ईसीजीही होता. गाडीतल्या पाचजणांपैकी एकाच्याही मनात ते आलं नाही. ‘सरकारीत कशाला?’ हे आमच्या इतकं अंगवळणी पडलं होतं.

तेव्हापासून मी या विषयावर लिहिते, आणि वाचकांचे तेच तेच प्रश्न येतात. १०८ ला फोन करायचा की १०२ ला? डिपॉझिट नाही म्हणून दारातून परत पाठवलं, हे चालतं का? अपघातातल्या माणसाला उचललं तर पोलीस आपल्यालाच बसवून ठेवतील का? मी दक्षिण रायगडात राहते. इथून मोठं शहर घाटापलीकडे आहे आणि पावसाळ्यात वरंध घाट बंद झाला की महाडहून पुण्याला ताम्हिणीचा फेरा पडतो. त्यामुळे ‘सरळ पुण्याला न्या’ हा सल्ला इथे जिवावर बेतू शकतो. तुम्ही कुठल्याही तालुक्यात असा, पहिला प्रश्न हाच असतो: या त्रासावरचा पहिला उपचार सगळ्यात लवकर कुठे मिळेल?

आधी घाई ओळखा

खालीलपैकी काहीही दिसलं तर फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना उघडायची वाट पाहू नका:

- छातीत दाब किंवा जळजळ, डावा हात किंवा जबडा दुखणं, सोबत घाम. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं
- तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं
- शुद्ध हरपणं, न थांबणारी आकडी, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणं
- साप, विंचू, विषारी औषध पोटात जाणं, मोठं भाजणं
- दाबूनही न थांबणारा रक्तस्राव, उंचावरून पडणं, डोक्याला मार लागून उलटी होणं
- गरोदर बाईला रक्त जाणं, झटके येणं, डोकं फुटेल असं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं
- तान्ह्या बाळाने अंगावर पिणं सोडणं, बाळ निपचित पडणं

यापलीकडे एक मोठा वर्ग असा आहे, की ज्याला आजच डॉक्टर हवा, पण ॲम्ब्युलन्स नको. मुलाला ताप आहे पण ते खेळतंय, विळीने बोट कापलंय, पाय मुरगळलाय, चार जुलाब झालेत. अशांनी मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जाऊन बसायचं कारण नाही. तिथे अत्यवस्थ रुग्ण आधी घेतात आणि तुमचा नंबर पहाटे लागतो. त्यासाठी फॅमिली डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्र, किंवा संध्याकाळी उघडा असणारा ‘आपला दवाखाना’ पुरतो. हे दवाखाने २०२३ च्या महाराष्ट्र दिनापासून राज्यभर सुरू झाले आणि त्यांची वेळ साधारण दुपारी २ ते रात्री १० अशी ठेवली गेली. तुमच्या गावातली वेळ एकदा स्वतः जाऊन पाहून या. तापाच्या मुलाची लघवी सहा-आठ तासांत झाली नसेल, मान ताठ वाटत असेल किंवा ते जागंच होत नसेल, तर ते वरच्या यादीत गेलं असं समजा.

नंबर तीन, कामं वेगळी

१०८ हा आपत्कालीन ॲम्ब्युलन्सचा नंबर. महाराष्ट्रात ही सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ मध्ये अत्यवस्थ रुग्णासाठीची प्रगत साधनं होती. आपल्या राज्यातल्या या गाड्यांवर चालकाबरोबर डॉक्टर नेमलेला असतो, म्हणजे उपचार तुमच्या अंगणात सुरू होऊ शकतात. सेवा पूर्ण मोफत आहे. डिझेलसाठी, टोलसाठी, कशासाठीही पैसे द्यायचे नाहीत. गाडी साधारणपणे जवळच्या योग्य सरकारी रुग्णालयात नेते. लांबच्या आवडीच्या खासगी हॉस्पिटलात न्या, असा आग्रह धरून दारात वेळ घालवू नका.

१०२ गरोदर बाया, बाळंतिणी आणि वर्षाच्या आतली आजारी बाळं यांच्यासाठी. घरून सरकारी दवाखान्यात, तिथून पुढे पाठवलं तर तिकडे, आणि परत घरी सोडणं, हे सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. औषधं, रक्त, सिझेरियन आणि दवाखान्यातलं जेवणसुद्धा.

११२ पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदत एकत्र हवी असेल तेव्हा. मोठा अपघात, आग, मारामारी.

फोनवर काय सांगायचं, हेही ठरवून ठेवा. ‘मारुतीच्या देवळामागे’ असा पत्ता सांगू नका, प्रत्येक गावात मारुतीचं देऊळ आहे. जिल्हा, तालुका, गाव, वाडी आणि मोठ्या रस्त्यावरची ठळक खूण, या क्रमाने सांगा. मग रुग्णाचं वय आणि ‘शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का’ ते. समोरच्याने फोन ठेवल्याशिवाय आपण ठेवू नका. त्यानंतर तोच फोन मोकळा ठेवा, कारण चालक त्याच नंबरवर फोन करणार असतो आणि नेमका तेव्हा आपला फोन नातेवाइकांना कळवण्यात गुंतलेला असतो. एकाला बॅटरी देऊन फाट्यावर उभं करा.

गाडी किती मिनिटांत येईल, हे आवर्जून विचारा. चाळीस मिनिटं सांगितली, दारात जीप उभी आहे आणि रुग्णालय दहा मिनिटांवर आहे, तर निघा. पण छातीत दुखणाऱ्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. तो वाटेत कोसळला तर त्याला सावरणंही जमत नाही.

खासगी ॲम्ब्युलन्स घ्यावी लागली तर भाडं आधी ठरवा, ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का ते डोळ्यांनी पाहा, आणि कुठे जायचं हे तुम्ही सांगा. चालक परस्पर एखादं हॉस्पिटल सुचवू लागला तर तिथल्या डॉक्टरांशी स्वतः बोलल्याशिवाय गाडी वळवू देऊ नका.

कोणत्या त्रासाला कोणतं दार

*हृदयविकाराचा झटका.* जिथे ईसीजी निघतो ते जवळचं दार. रक्तवाहिनीतली गाठ अँजिओप्लास्टीने उघडणं उत्तम, पण ती सोय दोन तासांत गाठता येत नसेल तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन आधी देऊन मग पुढे पाठवणं योग्य मानलं जातं. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी थांबण्यात कमीपणा नाही. पोहोचल्यावर स्पष्ट विचारा: ‘गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन इथे आहे का, आणि आत्ता देणार का?’

*पक्षाघात.* इथे हिशेब उलटा. मेंदूत गाठ आहे की रक्तस्राव झालाय, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही आणि ते कळल्याशिवाय इंजेक्शन देता येत नाही. ते साधारण साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं. त्यामुळे रुग्ण श्वास नीट घेत असेल तर सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन दोन्ही असलेलं जवळचं रुग्णालय गाठा. सीटी नसलेल्या दवाखान्यात सलाईन लावून सकाळची वाट पाहणं, ही आपल्याकडे फार वेळा होणारी चूक आहे. रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहा, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील. तोंडाने पाणी, चहा, गोळी काही देऊ नका. बीपी वाढलंय म्हणून मनाने गोळी देऊ नका.

*साप.* नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर आपल्याकडे एकच प्रतिविष आहे. म्हणून कोणता साप होता हे शोधत, त्याला मारून पिशवीत घालून आणत वेळ घालवू नका. चीर देऊ नका, चोखू नका, आवळून बांधू नका. चावलेला हात किंवा पाय फळी लावून स्थिर ठेवा, अंगठी, पैंजण, बांगड्या काढा आणि रुग्णाला चालू देऊ नका. प्रतिविष प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवलं जातं. पहिली मात्रा तिथे सुरू करून पुढे जाणं, हे तीन तास घाटातून धावण्यापेक्षा केव्हाही बरं.

मण्यारीचं वेगळं सांगते. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि बरेचदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, घसा दाटतो, पापण्या मिटू लागतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपून उठलेल्या माणसाच्या पापण्या जड झालेल्या दिसल्या, तर ‘झोप झाली नसेल’ म्हणून सोडू नका. श्वास बंद पडण्याआधी तो रुग्णालयात हवा.

*विंचू.* आमच्या भागातल्या लाल विंचवाने एके काळी फार माणसं, विशेषतः लहान मुलं गेली. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून काम सुरू केलेल्या आणि पुढे महाडला स्थिरावलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध यावर कसं लागू पडतं ते दाखवून दिलं, आणि जगाने ते स्वीकारलं. हा उपचार मोठ्या शहरात नव्हे, छोट्या दवाखान्यात उभा राहिला. वेदना कमी आहे, पण घाम फुटलाय, हातपाय गार पडलेत, उलटी होतेय, तर तो विंचू साधा नाही. लगेच निघा.

*फवारणीचं औषध पोटात जाणं.* मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, ती फुफ्फुसात गेली तर दुहेरी संकट. कपडे उतरवून अंग साबणाने धुवा आणि बाटली लेबलसकट बरोबर घ्या. लेबलावरच्या नावावरून उपचार ठरतो.

*कुत्रा.* जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुवा. मिरची, हळद, चुना नको. लस त्याच दिवशी. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत देण्याचं सीरमही लागतं. ते प्रत्येक केंद्रात असेलच असं नाही, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून विचारा. पुढच्या तारखा चुकवू नका.

*भाजणं.* वीस मिनिटं नळाचं साधं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, शाई यांतलं काही नको.

दारात पैसे मागितले तर

सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितलं, की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणं हे त्याचं पहिलं कर्तव्य आहे आणि पोलिसांचे सोपस्कार नंतर. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात याच न्यायालयाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या मजुराला एकामागून एका सरकारी रुग्णालयाने परत पाठवलं होतं. वेळेवर उपचार न मिळणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असं न्यायालयाने ठरवलं आणि भरपाई द्यायला लावली.

म्हणजे ‘पोलीस केस आहे, आधी स्टेशनला जाऊन या’ असं म्हणता येत नाही. ‘आधी पैसे भरा, मग हात लावतो’ असं अत्यवस्थ रुग्णाबाबत म्हणता येत नाही. पण हक्काची मर्यादाही नीट समजून घ्या. तो तातडीच्या, जीव सावरण्यापुरत्या उपचाराचा आहे. रुग्ण स्थिर झाल्यावर खासगी हॉस्पिटल बिल लावू शकतं किंवा दुसरीकडे हलवायला सांगू शकतं. पुढचं सगळं फुकट मिळेल, असा समज करून घेऊ नका.

धर्मादाय हॉस्पिटलं वेगळी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना त्यांना बंधनकारक आहे. तिच्यानुसार:

- तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करून स्थिर होईपर्यंत उपचार द्यायचे आणि त्यासाठी डिपॉझिट मागायचं नाही
- १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत
- उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार रुपये
- या खर्चासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करायची

पुष्कळ आलिशान दिसणारी हॉस्पिटलं कागदावर धर्मादाय असतात आणि लोकांना त्याचा पत्ता नसतो. रिसेप्शनवर थेट विचारा, ‘हे धर्मादाय हॉस्पिटल आहे का? समाजसेवक कुठे बसतात?’ तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड नंतर आणून देता येतं.

दारात वाद घालायची वेळ आली तर दोघांनी कामं वाटून घ्या. एकाने रुग्णाजवळ राहायचं, दुसऱ्याने काउंटरवर बोलायचं. सगळे भांडायला गेले आणि स्ट्रेचरवरचा माणूस एकटा पडला, हे मी पाहिलंय. शांतपणे म्हणा, ‘दाखल करता येत नाही हे कारणासह लिहून द्या.’ लिहून द्यायची वेळ आली की पुष्कळदा दार उघडतं.

सही करण्यापूर्वी वाचा

खाट नाही, तज्ज्ञ नाहीत म्हणून हॉस्पिटल तुम्हाला पुढे पाठवत असेल, तर तो ‘रेफर’ झाला. पण कागदावर कधी कधी ‘नातेवाईक स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहेत’ असं छापलेलं असतं आणि घाईत त्यावर सही होते. पुढे विम्यालाही आणि तक्रारीलाही हा कागद आड येतो. तुम्ही स्वतःहून नेत नसाल तर त्यावर ‘डॉक्टरांच्या सांगण्यावरून नेत आहोत’ असं स्वतःच्या हाताने लिहा आणि वेळ टाका.

निघताना मागून घ्या: रेफरची चिठ्ठी, दिलेल्या इंजेक्शनांची नावं आणि वेळा, ईसीजी व एक्स-रे. आणि डॉक्टरांना पुढच्या रुग्णालयात फोन करायला सांगा. खाट आहे का, हे कळल्याशिवाय ॲम्ब्युलन्स हलवू नका. सगळ्या नोंदींच्या प्रती मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

बिल बाकी आहे म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. २०२१ मध्ये सुधारलेल्या महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नियमांत ते आहे, तसंच दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावण्याचं बंधनही आहे. तक्रार शहरात महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि ग्रामीण भागात जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे द्या, धर्मादाय हॉस्पिटलाबाबत धर्मादाय आयुक्तांकडे. लेखी द्या आणि पोच घ्या.

रस्त्यावर पडलेल्याला उचलताना

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १३४ए आलं. मदत करणाऱ्यावर त्या मदतीपोटी दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव, पत्ता सांगण्याची सक्ती नाही, हॉस्पिटलात थांबवून ठेवता येत नाही, पैसे भरायला लावता येत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही, हे तुमच्या इच्छेवर. तेव्हा घाबरू नका. मुंबई-गोवा महामार्गावरच्या गावांतले लोक रात्री-अपरात्री कंदील, बॅटऱ्या घेऊन धावतात, त्यांच्या डोक्यावरची ही भीती जायला हवी. फक्त मान वाकवू नका, हेल्मेट ओढून काढू नका, रक्त वाहतंय तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा.

खर्चाची सोय

- सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. महापालिका आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं यात येत नाहीत.
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत राज्यातल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आहे, पण ठरलेल्या आजारांसाठी आणि योजनेतल्याच हॉस्पिटलांत. १५५३८८ वर फोन करून जवळचं हॉस्पिटल विचारा. तिथे गेल्यावर योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला गाठा. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून कळवून उपचार सुरू करण्याची सोय आहे, कागद मागाहून.
- वाहन अपघातातल्या जखमींसाठी केंद्राने मे २०२५ मध्ये योजना अधिसूचित केली: अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, माणशी दीड लाखापर्यंतचा उपचार रोख न भरता, योजनेतल्या रुग्णालयांत.

या रविवारी तासभर काढा

फलक पाहून विश्वास ठेवू नका, प्रत्यक्ष जाऊन विचारा. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात: रात्री डॉक्टर आवारातच राहतात का? ईसीजी रात्री निघतो का? गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन, सर्पदंशाचं प्रतिविष, कुत्रा चावल्यावरचं सीरम आहे का? सिझेरियनसाठी भूलतज्ज्ञ आणि रक्त कुठून येतं? जवळचं सीटी स्कॅन कुठे, आणि तिथला तंत्रज्ञ रात्री येतो का? खासगी हॉस्पिटलांनाही हेच विचारा. चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. आमच्याकडच्या एकांनी तर मला बसवून घेऊन स्वतः यादी लिहून दिली.

उत्तरं मोठ्या अक्षरात एका कागदावर उतरवा. त्याखाली घरातल्या प्रत्येकाचा रक्तगट, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी आहे ते, आणि रात्री गाडी काढू शकणाऱ्या दोन शेजाऱ्यांचे नंबर. रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स एका पिशवीत. आमच्याकडे हा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, पिशवी तिथेच खिळ्याला अडकवलेली आहे. काकांच्या घरी तो त्यांच्या नातीने स्वयंपाकघरात लावलाय, तिचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर.